गाडीचं वय कसलं बघता, ब्रेक बघा!

मंडळी, आधी एक गैरसमज दूर करू. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालावीच लागते, असं आमच्या ऑफिसातल्या निम्म्या जनतेला वाटतं. कॅंटीनमध्ये चहा पिताना कोणीतरी हमखास विचारतं, "अरे, तुझी ती फियाट अजून चालते कशी? बंदी आहे ना?"

नाही. महाराष्ट्रात खाजगी पेट्रोल गाडीला वयाची मर्यादा नाही. ती भानगड दिल्लीची. तिथे हरित लवादाने घातलेली १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली आणि त्यावरून अगदी २०२५ पर्यंत कोर्टकचेऱ्या चालू होत्या. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली आणि सगळ्यांनी फेसबुकवर हळवे वगैरे होऊन घेतलं. पण आपल्या घरच्या गाडीचं तसं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे पहिली नोंदणी १५ वर्षांची. मग गाडी आरटीओत न्यायची, तपासून घ्यायची, ठीक असेल तर नोंदणी पुढे ५ वर्षं. पुन्हा तपासणी, पुन्हा ५ वर्षं. गाडी धडधाकट असेल तर असं शंभर वर्षं चालू शकतं.

कागदावर बघितलं तर इतका शहाणा नियम दुसरा नाही. वय बघू नका, तब्येत बघा. मी याला पूर्ण पाठिंबा देतो. माझं भांडण आहे ते प्रत्यक्षात जे चालतं त्याच्याशी. तिथे तब्येत सोडून बाकी सगळं बघतात.

आता गाडीची ओळख. १९८० ची प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. ही गाडी बनायची या शतकाच्या सुरुवातीलाच थांबली. १९९८ पासून आमची बाबांच्या नावावर आहे. वर्षाला फार तर दीड हजार किलोमीटर फिरते. रविवारी सकाळी मंडईत, दिवाळीत आत्याकडे आणि पाऊस नसेल तर कधीतरी घाटापर्यंत. तिची नोंदणी नोव्हेंबर २०२५ मध्ये संपत होती. कुठल्या आरटीओत, ते सांगत नाही. पुन्हा तिथेच जायचंय मला :)

पहिला झटका फीचा. २०२० मध्ये बाबांनी याच कामाचे ६०० रुपये भरले होते. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक पायरी काढली. गाडी २० वर्षांवरची असेल तर १०,०००. बाहेरून आयात झालेली चारचाकी असेल तर ८०,०००! म्हणजे कोणाच्या आजोबांनी हौसेने जपलेली मॉरिस मायनर असेल, तर ती आरटीओच्या फाटकातून आत न्यायचे ऐंशी हजार. उशीर झाला तर खाजगी चारचाकीला महिन्याला ५०० रुपये वेगळे. शिवाय महाराष्ट्राचा २०१० पासूनचा पर्यावरण कर आहेच.

फी वाढली याचं दुःख नाही. महागाई आहे, चालायचंच. पण ६०० चे १०,००० म्हणजे सोळा पटींहून जास्त. तपासणी सोळा पट सोडा, दुप्पट तरी बरी झाली का? तोच माणूस, तेच मैदान, तोच पेन्सिलने घासलेला कागद. आपल्या धंद्यात क्लायंटला असं बिल पाठवून बघा. ही फी सेवेची नाहीच मुळी, तो दंड आहे. गुन्हा काय? तर म्हातारं होणं.

आणि फी हा त्यातल्या त्यात सोपा भाग. यूपीआयने जाते, पावती येते, विषय संपतो. खरी मजा कागदांची.

आमचं आरसी बुक हाताने लिहिलेलं आहे. निळी शाई, सुंदर वळणदार अक्षर, चारपाच साहेबांच्या सह्या, गोल शिक्के. गाडीचा नंबर जुन्या पद्धतीचा, म्हणजे तीन अक्षरं आणि चार आकडे. एमएच, मग जिल्ह्याचा आकडा, ही आजची पद्धत १९८८ चा कायदा लागू झाल्यावरची. जुने नंबर कायद्याने आजही वैध आहेत. पण कॉम्प्युटरला हे कोणी सांगितलेलं नाही. एका सरकारी पोर्टलवर नंबर टाकला की "कृपया योग्य नोंदणी क्रमांक टाका". दुसऱ्यावर गाडीच्या उत्पादनाचा महिना टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि आरसी बुकात फक्त वर्ष आहे. लाल चांदणी! हे फील्ड सक्तीचं करणारा कोणीतरी माझ्यासारखाच इंजिनिअर असणार. त्याच्यासमोर १९८० ची गाडी आलीच नसेल. रिक्वायरमेंट लिहिणाऱ्याने सांगितलं नाही, टेस्टरने तपासलं नाही आणि शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करून मंडळी घरी गेली. मला त्याचा राग येत नाही, कारण असे प्रकार मी रोज बघतो. पण आमच्याकडे निदान बग नोंदवता तरी येतो. इथे "तांत्रिक अडचणीसाठी संपर्क करा" असा एक फोन नंबर आहे. तो वाजतो. नुसता वाजतोच.

मग खिडकीवर गेलो. जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून घ्यावी लागते, तिला बॅकलॉग एंट्री म्हणतात. ती झाली. मी घरी येऊन बघतो तर इंजिन नंबरातल्या ३ चा ८ झालेला. आरसी बुकात ३ आहे, इंजिनवर ठोकलेला ३ आहे, कॉम्प्युटरमध्ये ८. खिडकीवरच्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "हो, तीनच दिसतोय." मग दुरुस्त करा ना! तर नाही. त्याला अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि वाहनाची प्रत्यक्ष पडताळणी. आकडा टाइप करताना त्यांच्याकडून चुकला आणि शपथ घ्यायची बाबांनी. आता बोला!

यावर कडी विमा कंपनीने केली. (नाव नको, पॉलिसी त्यांचीच आहे.) त्यांच्या साइटला चेसिस नंबर १७ अक्षरांचाच हवा. ही १७ अक्षरांची पद्धत आपल्याकडे नंतर आली, पद्मिनीचा नंबर त्यापेक्षा बराच लहान. कंपनीत गेलो तर तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, पुढे शून्यं लावतो. सगळे तसंच करतात." मी म्हटलं, असं नको, आरटीओत अडेल. तो म्हणाला, "नाहीतर पॉलिसीच निघत नाही सर." खरंच निघत नव्हती. शून्यं लागली. आणि पुढच्याच आठवड्यात आरटीओच्या खिडकीवर तेच ऐकलं, "पॉलिसीवरचा चेसिस नंबर जुळत नाही."

म्हणजे एक कॉम्प्युटर शून्यांशिवाय घेत नाही आणि दुसरा शून्यांसकट घेत नाही. मधल्या मध्ये बाबा, वय ६१, हातात प्लॅस्टिकची फाइल, मागे तीस माणसांची रांग.

तुम्ही म्हणाल, एजंटकडे द्यायचं ना यार. बरोबर. फाटकाबाहेरच्या टपरीवर एजंट भेटला. फीच्या वर सहा हजार, "बाकी सगळं माझ्यावर सोडा दादा, तुम्ही फक्त गाडी आणा. नाही आणली तरी बघू काहीतरी." हे शेवटचं वाक्य नीट ऐका. दहा हजार फीची, जुन्या गाड्यांपासून जनतेचा जीव वाचवण्यासाठी असलेली तपासणी, गाडी न आणता होऊ शकते. म्हणजे ज्याच्या गाडीला ब्रेक नाहीत त्याच्यासाठी रस्ता मोकळा आणि गाडी ठणठणीत ठेवून सरळ मार्गाने जाणारा माणूस शून्यं मोजत बसलाय. अडवायचं होतं कोणाला आणि अडवलं कोणाला?

आम्ही गाडी नेली. तपासणीचं सविस्तर सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे.

सकाळी साडेनऊला मैदानात. आधी ट्रक, टेम्पो, रिक्षा, मग आम्ही. साहेब आले पावणेबाराला. माणूस वाईट नव्हता. तरुण होता, उन्हात उभा होता आणि त्याच्यापुढे दिवसभराच्या गाड्यांची रांग होती. "काका, बॉनेट उघडा." बाबांनी उघडलं. चेसिस नंबरावर रंगाचा थर होता, तो पॉलिश पेपरने घासला. मग कागद ठेवून पेन्सिल फिरवली, ठसा उमटला. साहेबांनी तो आरसी बुकाशी ताडून पाहिला. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर. "सीट बेल्ट कुठे आहेत?"

बाबा म्हणाले, "साहेब, ऐंशीची गाडी आहे. तेव्हा बेल्ट येत नव्हते." हे खरं आहे. पुढच्या सीटचे बेल्ट गाडीत बसवून देणं कंपन्यांना सक्तीचं झालं ते नव्वदीच्या दशकात. त्याआधीच्या गाडीला ते लागू नाही.

"ते मला माहितेय काका. पण कॉम्प्युटरवर तो रकाना आहे. मी काय टाकू?"

काय टाकू! हा माणूस दोन मिनिटं माझ्या मनातून उतरतच नव्हता. त्याचीही गत आमच्यासारखीच. शेवटी त्याने काहीतरी टाकलं आणि पुढे सरकला. नंबरप्लेट बघितली. नवीन उच्च सुरक्षा पाटी बसवलेली होती, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. (आजोबांनी पेंटरकडून रंगवून घेतलेली काळी पाटी आता माझ्या टेबलावर आहे.) तिचा फोटो काढला. झालं. सगळे मिळून सहा-सात मिनिटं.

त्या सहा-सात मिनिटांत एकदाही, पुन्हा लिहितो, एकदाही कोणी ब्रेक दाबून पाहिला नाही. गाडी दहा फूटसुद्धा चालवली नाही. स्टिअरिंगला किती ढिलाई आहे ते हलवून पाहिलं नाही. खाली वाकून पत्रा कुठे सडलाय ते बघितलं नाही. टायरवर एक नजर टाकली असावी, खात्री नाही.

मला त्या गाडीत खरी भीती कशाची वाटते माहितेय? ब्रेकची. चारही ड्रम, बूस्टर नाही, घाटात उतरताना तापले की पाय खाली जायला लागतो. व्हील सिलिंडरचे रबर जुने झाले तर तेल गळतं आणि गाडी एका बाजूला ओढते. दर सहा महिन्यांनी मी मेकॅनिककडे चारही ड्रम उघडून बघतो. आणि मला मनापासून वाटत होतं की दहा हजार देतोच आहोत, तर एखाद्या यंत्रावर चाकं ठेवून कोणीतरी सांगावं, डावं मागचं चाक कमी धरतंय बरं का. त्या कागदाचे मी वीस हजारसुद्धा दिले असते. मिळालं काय? पेन्सिलचा ठसा.

आता प्रदूषणाचं. कोणीतरी म्हणेलच, जुन्या गाड्या धूर ओकतात. हो, ओकतात. इथे मी अजिबात वकिली करणार नाही. कार्ब्युरेटरची, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली गाडी प्रत्येक किलोमीटरला आजच्या बीएस-६ गाडीच्या कितीतरी पट घाण सोडते. पण त्याचंही मोजमाप नियमात आहे. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला न्यूट्रलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत हवा. आमची २.२ वर येते, कारण मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हर घेऊन अर्धा तास कान देऊन बसतो. पीयूसीवाल्या पोराने आधी नळी न लावताच विचारलं होतं, "काढून देऊ का डायरेक्ट?" मीच म्हटलं, लाव बाबा नळी. आकडा बघून तोच चाट पडला.

आणि किलोमीटरचा हिशोब कोण करणार? आमची वर्षाला दीड हजार किलोमीटर. शेजारच्याची सहा वर्षांची डिझेल गाडी पंचवीस हजार. कर लावायचाच तर तपासणीच्या वेळी मीटर बघा आणि फिरण्यावर लावा. मी आनंदाने भरेन. वयावर लावलात तर जी गाडी सर्वात कमी फिरते, तिच्यावर सर्वात जास्त बोजा पडतो.

पण व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आलेत ना? आलेत. जुलै २०२१ मध्ये. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. फी २०,०००, नोंदणी १० वर्षांची, नूतनीकरणाला ५,०००. छान. आता बारीक अक्षरं वाचा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस्स.

हा नियम लिहिताना डोळ्यासमोर कोण होतं ते उघड आहे. संस्थानिकांच्या रोल्स रॉइस, गॅरेजमध्ये ओळीने उभ्या असलेल्या ब्यूक, त्यांना पुसायला ठेवलेली माणसं. त्या गाड्या जपल्या जाव्यात, माझी काही तक्रार नाही. पण पद्मिनी ही शाळामास्तरांची, बँकेतल्या हेडक्लार्कची, डॉक्टरांची गाडी. तिचा वारसा हाच की ती भाजी आणायला जाते. आमची २०३० मध्ये पन्नाशीची होईल. तेव्हा सरकार तिला सन्मानाने व्हिंटेज म्हणायला तयार होईल, अट इतकीच की बाबांनी तिच्यातून मंडईत जायचं नाही.

आणि १५ ते ५० मधली पस्तीस वर्षं? त्यांना नावच नाही. तोवर ती नुसती "जुनी गाडी". मारुती ८००, कॉन्टेसा, ११८ एनई, शेवटच्या काळातल्या ॲम्बेसेडर, सगळ्या याच खड्ड्यात. पन्नाशी गाठेपर्यंत यातल्या किती उरतील? जर्मनीत ३० वर्षांवरची गाडी तज्ज्ञाने तपासून मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत आहे असं लिहून दिलं की तिच्या नंबरापुढे एच हे अक्षर लागतं, वर्षाला १९२ युरोच्या आसपास ठरलेला कर भरायचा आणि रोज चालवली तरी चालते. पण दर दोन वर्षांनी तपासणी चुकत नाही, आणि ती तपासणी म्हणजे तपासणी असते. इंग्लंडने मे २०१८ पासून ४० वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतूनच सूट दिली. मला विचाराल तर ते नको. म्हाताऱ्या गाडीला जास्त तपासा. पण तपासा!

आमच्या क्षेत्रात जुन्या सिस्टीमला लेगसी म्हणतात. बँकांचे कितीतरी व्यवहार अजून आपल्या जन्माआधी लिहिलेल्या कोडवर चालतात. ते कोणी वय बघून फेकत नाही. टेस्ट केसेस चालवतात, पास झालं तर पुढे. एखाद्या टेस्टरने रिपोर्टवर "सिस्टीम जुनी आहे" एवढंच लिहिलं तर मॅनेजर त्याला उभा सोलेल. आरटीओच्या रिपोर्टमध्ये दुसरं काय लिहिलेलं असतं?

परवा रात्री जेवताना बाबा म्हणाले, "देऊन टाकू रे तिला. तो कोपऱ्यावरचा अठरा हजार देतोय." मी बघतच राहिलो. हा तोच माणूस, ज्याने २०१६ मध्ये एका बंपरसाठी मुंबईचा चोर बाजार दोन दिवस पालथा घातला होता. गाडीवरचं प्रेम आटलंय म्हणून ते बोलत नव्हते. ते दमले होते. चार खेपा, दोन प्रतिज्ञापत्रं, एक जुळत नसलेली पॉलिसी आणि प्रत्येक खिडकीवर "उद्या या".

जुन्या गाड्या अशाच संपतात. कायदा गाडी ओढून नेत नाही, बंदीही घालत नाही. तो मालकाला दमवतो. दमलेला मालक भंगारवाल्याला फोन करतो आणि आकडेवारीत एक गाडी "स्वेच्छेने" मोडीत निघते.

मागायचंच झालं तर मी फार मागत नाही. पोर्टलवर जुना नंबर चालू द्या, महिन्याची सक्ती काढा, चेसिस नंबर आरसी बुकात आहे तेवढाच घ्या. हे काम आमच्या टीममधली दोन पोरं एका आठवड्यात करून देतील, फुकट. टायपिंगची चूक ज्याने केली त्यानेच, प्रतिज्ञापत्राशिवाय दुरुस्त करावी. दहा हजार घ्या, पण ब्रेक यंत्रावर तपासा आणि आकडे लिहून द्या. नापास झाली तर नापास करा, मी दुरुस्त करून परत आणीन. आणि तिशीच्या पुढच्या गाड्यांना एखादा वेगळा वर्ग द्या, मंडईत जायच्या परवानगीसकट.

तूर्तास इंजिन नंबराच्या पडताळणीची तारीख मंगळवारची मिळाली आहे. मी रजा टाकली आहे. भंगारवाल्याला बाबांनी अजून फोन केलेला नाही.